नंबर घालवण्याआधी बुबुळाचा नकाशा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या नेत्रविभागाच्या ओपीडीत चष्मेवाल्या मुलांची गर्दी वाढते. असाच एक एकवीस वर्षांचा मुलगा आईसोबत आला होता. आईच्या हातात लेझर शस्त्रक्रियेवरच्या सवलतीची जाहिरात होती. ‘‘डॉक्टरसाहेब, भिशीचे पैसे उचललेत. फक्त तुम्ही एकदा बघून सांगा, करू ना?’’

मी आधी जुने केसपेपर मागितले. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा सिलिंडर दीड होता, आता साडेतीन. मधल्या काळात तीन चष्मे झाले होते. त्याची जाडी, त्याची गती मला आवडली नाही.

सिलिंडर, म्हणजे ‘सिलिंड्रिकल नंबर’, हे काय प्रकरण आहे? क्रिकेटचा चेंडू कसाही फिरवा, गोलाई सारखीच. आता चमच्याची पाठ पाहा. लांबीच्या बाजूने उतार सौम्य, रुंदीच्या बाजूने जास्त. बुबुळाचा बाहेरचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, असा चमच्यासारखा असला की प्रकाश एका बिंदूत एकवटत नाही. अक्षरांना सावली दिसते, रात्री रस्त्यावरचे दिवे फाकतात. यालाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. थोडासा तो बहुतेकांना असतो. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातला हा दोष नोंदवला आणि पुढे १८२५ च्या सुमारास जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यासाठी तशी काच घडवून घेतली.

‘सिलिंड्रिकल नंबरला लेझर चालत नाही’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. चालते. एक्सायमर लेझरचे १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण आजूबाजूच्या पेशी न भाजता कॉर्नियाचा अतिशय पातळ थर काढतात. जैविक ऊतींवर ही किमया प्रथम दिसली ती १९८१ मध्ये, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर! साध्या नंबरात कॉर्निया सगळीकडून सारखा सपाट करतात. सिलिंडरमध्ये जास्त उतार असलेली बाजू अधिक.

खरी मेख आहे दिशेची. चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंडरपुढे ‘अ‍ॅक्सिस’चे अंश लिहिलेले असतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. लेझरचा रोख दहा अंशांनी चुकला तर साधारण एक तृतीयांश परिणाम वाया जातो. तीस अंशांनी चुकला तर सिलिंडर घटतच नाही. त्यात माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत काही अंश फिरतो. म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर खूण करतात, किंवा यंत्र डोळ्यातल्या रेषा ओळखून स्वतः जुळवून घेते. शस्त्रक्रियेआधी ‘ही जुळणी तुम्ही कशी करता?’ असे जरूर विचारा. चांगला सर्जन रागावणार नाही.

पण या मुलाच्या बाबतीत प्रश्न तिथवर पोचलाच नाही. आम्ही कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढली. कॉर्नियाची जाडी मुळात जेमतेम अर्धा मिलिमीटर. याच्या उजव्या डोळ्यात खालचा भाग पुढे आलेला, आणि सर्वांत पातळ जागी जाडी ४५० मायक्रॉन. कॉर्निया शंकूसारखा होत चालला होता. या आजाराचे नाव केराटोकोनस.

‘‘डोळे चोळतोस का रे?’’

तो काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘‘लहानपणापासून! मुठी घालून चोळतो. सांगून सांगून थकले.’’

अ‍ॅलर्जीची खाज, सततचे चोळणे आणि हा आजार यांची संगत जुनी आहे. आधीच दुबळ्या कॉर्नियाला लेझरने आणखी पातळ केले तर तो अधिकच फुगतो, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. काहींना कॉर्निया बदलावा लागतो. सवलतीच्या जाहिरातीत हे वाक्य नसते. नुसत्या चष्म्याच्या तपासणीत हे कळतही नाही. आमच्याकडे हे यंत्र नव्हते तेव्हा असे किती डोळे आमच्या नजरेतून सुटले असतील, हा विचार मला आजही सोडत नाही.

त्याला लेझर नाकारले. आईचा चेहरा उतरला. त्याऐवजी ‘सी३आर’ केले: बी२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून डोळ्यावर ठरावीक वेळ अतिनील किरण सोडतात, त्याने कॉर्निया घट्ट होतो. याने नंबर जात नाही, आजाराची वाढ थांबवायचा प्रयत्न असतो. हे त्या माउलीला समजावताना माझी अर्धी ओपीडी खोळंबली.

ज्यांचा कॉर्निया निरोगी आहे, त्यांनी घाबरू नये. वय अठराच्या पुढे, नंबर किमान वर्षभर स्थिर, डोळे फार कोरडे नाहीत, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे सुरू नाही, एवढे पाहावे. तपासणीआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे काढून ठेवाव्यात, कडक लेन्स त्याहून जास्त; नाहीतर नकाशाच चुकतो. भरतीसाठी करायचे असेल तर त्या पदाला लेझर केलेला डोळा चालतो का, हे आधी जाहिरातीत वाचा. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच, लेझर केले तरी. ‘तुम्ही का नाही केले?’ असे रुग्ण माझ्या नाकावरचा चष्मा पाहून विचारतात, त्यांना मी हेच सांगतो.

तो मुलगा परवा तपासणीला आला होता. दोन्ही डोळ्यांचे सी३आर झाले आहे, वर्षभरात नंबर वाढलेला नाही. कडक लेन्स घालून शेवटून दुसरी ओळ वाचतो. खाजेचे ड्रॉप्स नियमित घालतो, असे तो म्हणाला. मी आईकडे पाहिले. तिने मान डोलावली.