अडीचशे शब्दांत काय सापडलं ते सांगा

दिवाळी सरली की करवीर, पन्हाळा, कागल भागातली गुऱ्हाळं रंगात येतात आणि त्याच सुमाराला कॉलेजांच्या सूचनाफलकांवर परिषदांची पत्रकं लागतात. राष्ट्रीय परिषद, आंतरराष्ट्रीय परिषद, एकदिवसीय चर्चासत्र. बहुतेकांच्या तारखा जानेवारी ते मार्चमधल्या. पत्रकात सगळ्यात ठळक छापलेली ओळ असते गोषवारा पाठवण्याच्या शेवटच्या तारखेची. मी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवते. या दिवसांत एम.एस्सी.ची आणि पीएच.डी.ची मुलं गोषवाऱ्याचे कच्चे खर्डे घेऊन येतात. यातली बरीचशी खेड्यांतून एस.टी.नं येणारी. प्रयोगशाळेत मन लावून काम करतात, आकडे नीट टिपून ठेवतात. त्यांच्या गोषवाऱ्यात मात्र त्या कामाचा मागमूस नसतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोषवारा म्हणजे साधारण अडीचशे-तीनशे शब्दांत मांडलेलं सगळं संशोधन. संयोजक तो परीक्षकांकडे पाठवतात, बऱ्याचदा लेखकाचं नाव झाकून. व्यासपीठावर निबंध वाचायचा, भित्तिपत्रक लावायचं की नकार घ्यायचा, हे तेवढ्यावर ठरतं. परिषदेच्या पुस्तिकेतही तोच छापतात. तुमचा निबंध ऐकायला खोलीत मोजकीच माणसं बसतात; गोषवारा मात्र आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत जातो.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. 1914 च्या जानेवारीत कलकत्त्यात पहिली भारतीय विज्ञान परिषद भरली, तेव्हा 105 शास्त्रज्ञ जमले होते आणि 35 निबंध होते. तेवढे निबंध बसून ऐकता येतात. 1919 च्या नोव्हेंबरात पुण्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पहिली प्राच्यविद्या परिषद भरली, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष होते. या परिषदेत निबंधांचे सारांश छापायची परंपरा पुढे चांगली रुजली. माणसं वाढली, निबंध वाढले, तसं सारांशाचं वजन वाढत गेलं. 1987 मध्ये ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकानं सारांशाला उपशीर्षकांची चौकट घालून दिली: उद्देश काय, कुणावर आणि कसा अभ्यास केला, काय आढळलं, निष्कर्ष कोणता. वैद्यकाच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या परिषदा आजही बहुधा तीच चौकट मागतात. ज्या विषयांत चौकट मागत नाहीत, तिथंही मनात हेच चार प्रश्न धरून लिहावं.

गुळाचंच घ्या. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काहिलीत रस तापला की जुने गुळवे त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. मळी वर येते, ती काढून टाकतात. काही ठिकाणी ढेप पिवळीधमक दिसावी म्हणून हायड्रॉस पावडर टाकतात. हे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यानं रंग उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो. समजा, एका विद्यार्थिनीनं दोन्ही तऱ्हेचा गूळ आणून तपासला. तिचा पहिला खर्डा हमखास असा येतो:

‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. गूळ हा प्राचीन काळापासून आपल्या आहारातील महत्त्वाचा घटक आहे. आजच्या धकाधकीच्या जीवनात आरोग्याला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात गुळातील रसायनांचा अभ्यास केला असून निष्कर्षांची सविस्तर चर्चा करण्यात येईल.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण गुऱ्हाळाची पायरी न चढता, प्रयोगशाळेत पाऊल न टाकता हे कुणालाही लिहिता येईल. परीक्षकाला यातून काहीच कळत नाही. आता तिचंच काम असं लिहून पाहा:

‘हायड्रॉस वापरलेल्या गुळात सल्फर डायऑक्साइड किती उरतो, हे पाहण्यासाठी करवीर तालुक्यातील बारा गुऱ्हाळांवरून गूळ घेतला. सहा ठिकाणी रानभेंडी आणि सहा ठिकाणी हायड्रॉस वापरात होते. प्रत्येक नमुन्याच्या द्रावणाचा रंग 540 नॅनोमीटरवर मोजला व सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण टायट्रेशनने काढले.’

यापुढं दोन वाक्यांत तिनं स्वतःचे आकडे द्यावेत: दोन्ही गटांची सरासरी किती, फरक किती, नमुन्या-नमुन्यांत तफावत किती. शेवटच्या वाक्यात, या आकड्यांवरून काय म्हणता येतं तेवढंच सांगावं. बारा गुऱ्हाळांवरून अख्ख्या जिल्ह्याबद्दल बोलू नये.

इथं मुलं अडतात. “मॅडम, निकाल इथंच सांगितला तर पेपरात राहिलं काय?” असं विचारतात. निबंधात सगळंच राहतं की: तक्ते, आलेख, पद्धतीतल्या अडचणी, आधी झालेल्या कामाशी तुलना. निकाल लपवून उत्सुकता वाढवायची ती कादंबरीत. परीक्षकापुढं एका बैठकीत गोषवाऱ्यांची चळत असते. ‘चर्चा करण्यात येईल’ हे वाचून, काम अजून झालेलंच नाही, असाच अर्थ तो काढतो.

कधी काम खरंच अर्धं झालेलं असतं. हंगाम चालू, नमुने यायचे बाकी, आणि तारीख उद्याची. अशा वेळी जेवढं हाती आहे तेवढंच लिहावं आणि ते प्राथमिक आहे असं स्पष्ट म्हणावं. येणाऱ्या आकड्यांचा अंदाज बांधून तो निकाल म्हणून लिहिणं ही लबाडी आहे. तिला माझ्याकडं माफी नाही.

शीर्षकाचीही गत अशीच. इतिहासाची मुलं ‘राजर्षी शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य’ असं शीर्षक देतात. एवढ्या विषयावर ग्रंथ होतात, अडीचशे शब्दांत काय मावणार? 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पुढच्या काही वर्षांत एखाद्या पेट्यातल्या शाळांची हजेरी कशी बदलली, एवढंच घेतलं आणि त्याला पुराभिलेखागारातल्या कागदांचा आधार दिला, तर तो गोषवारा कुठल्याही परिषदेत उठून दिसेल.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यापायीही गोषवारा परत येतो. मराठीत पाठवायचा तर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. शब्दमर्यादा एका शब्दानंही ओलांडू नये. चार-पाच बीजशब्द शीर्षकाबाहेरचे द्यावेत. मार्गदर्शकांची आणि सहलेखकांची संमती आधी घ्यावी. एकच गोषवारा दोन परिषदांना पाठवू नये.

या धांदलीमागं नियमही होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं. 2022 च्या नियमांत ती सक्ती निघाली. मला ते पटलं. सक्तीपोटी गल्लोगल्ली परिषदा झाल्या, आणि शुल्क भरलं की कसलाही गोषवारा स्वीकारणाऱ्याही निघाल्या. पाठवल्यावर तासाभरात ‘स्वीकारला’ असं उत्तर आलं आणि सोबत पैसे भरायचा दुवा आला, तर तिथं जाऊ नये. गरीब घरातल्या मुलांचे हजारो रुपये यात जातात. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवापासून सुरुवात करावी. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली मुलं त्यात उतरतात. परीक्षक भित्तिपत्रकासमोर उभे राहून प्रश्न विचारतात आणि त्यातून आपलं काम थोडक्यात कसं सांगायचं याची सवय होते.

परिषदांच्या संयोजकांना एक विनंती करते. गोषवारा नाकारताना ‘खेद आहे’ एवढंच कळवून थांबू नका. निकाल दिला नाही, विषय फार मोठा घेतला, नमुने कमी पडले, जे असेल ते दोन ओळींत लिहा. परीक्षकानं ते टिपून ठेवलेलंच असतं. खेड्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला हे सांगणारं दुसरं कुणी नसतं, आणि त्या दोन ओळी मिळाल्या तर पुढच्या वर्षी ती पुन्हा पाठवेल.