माकडांची शिरगणती

सभासदांची पावतीपुस्तके सांभाळण्यात आमची तीस वर्षे गेली. त्यातून एक धडा मिळाला : पुस्तकातला आकडा निराळा आणि संघटनेचे बळ निराळे. पाचशे सभासद दहा खात्यांत विखुरलेले असले व एका खात्याची दुसऱ्याशी ओळखच नसली, तर ते पाचशे नव्हेत, पन्नास-पन्नासच. रानातल्या माकडांच्या शिरगणतीविषयी वाचताना हाच धडा आम्हांस पुन्हा भेटला.

आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कर्नाटक, केरळ व तमिळनाडूत, सिंहपुच्छ माकड राहते. अंग काळे, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. जगात दुसऱ्या कोठल्याही रानात ते नाही. सारी मिळून त्यांची संख्या चार हजारांच्या आत धरतात.

हे माकड सहसा उंच झाडांच्या शेंड्यांवरून फिरते. म्हणून अभ्यासक आधी टोळी शोधतात, तिच्या मागे राहतात, आणि नर, माद्या, वाढती पोरे व अंगावरची पिल्ले वेगवेगळी टिपतात. नुसती बेरीज का करीत नाहीत? कारण मादीला पहिले पिल्लू सहा-सात वर्षांची झाल्यावर होते, आणि पुढचे पिल्लू व्हायला दोन-तीन वर्षे जातात. माकडे पुष्कळ पण पिल्ले थोडी, अशी टोळी आज भरलेली दिसली तरी ओसरू लागलेली असते.

दुसरा प्रश्न वाटेचा. अण्णामलै डोंगरांत वालपराईला चहाच्या मळ्यांसाठी जंगल तोडले गेले. भोवताली राखीव व्याघ्रवन आहे, पण मळ्यांमध्ये रानाचे तुकडेच उरले. वयात आलेला नर आपली टोळी सोडून दुसरीत जातो. तुकड्यातून त्याने जावे कोठे? तेथल्या पुदुथोट्टमच्या तुकड्यात माकडे वाढली. पण रान पुरेना, तेव्हा ती जमिनीवर, रस्त्यावर आणि मजुरांच्या घरांत उतरू लागली. आकडा वाढला म्हणजे बरे झाले, असे नव्हे.

यावर तेथे रस्त्यांवरून झाडाझाडांना जोडणारे झुलते पूल बांधले आहेत. तुकडे जोडणारी झाडेही हवीत.

माणूस मोठा की माकड, असे आम्हांला कोणी विचारतात. आमचे म्हणणे एवढेच : मजुराला या डोंगरावर चहाने आणले आणि माकडाला चहानेच कोंडले. तेव्हा माकड राखण्याचा खर्च मजुराच्या चुलीवर पडता कामा नये. शिरगणती करणाऱ्यांनी त्या चुलीही मोजाव्यात.