बोंडअळीचं वेळापत्रक मोडता येतं

शेवटच्या वेचणीतली किडकी सरकी फोडून पाहा. दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि आत गुलाबी अळी वेटोळं करून निजलेली असते. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की ती खाणं थांबवून सुप्तावस्थेत जाते आणि उन्हाळा सरताना तिचे पतंग बाहेर पडू लागतात. हंगामात मात्र साधारण महिन्याला एक पिढी. परभणीच्या काळ्या रानातल्या कपाशीलाही तिची लय आहे: लागवडीनंतर सुमारे दीड महिन्याने पाते, मग फुलं, बोंडं. या दोन लयी जुळल्या की घात होतो. २०१७ साली अळीरोधक बीटी वाणांनाही न जुमानता अळीने महाराष्ट्रात कपाशी पोखरली, त्यात या जुळणीचाही हात होता. म्हणून फवारणी वाढवण्याआधी जुळणी मोडावी. मे महिन्यात लावलेली कपाशी पहिल्या पतंगांना आयते पाते पुरवते. जूनमध्ये पुरेशा पावसावर लावली, तर त्यातले बरेच पतंग अन्नाविना पिढी न वाढवताच मरतात.

पाणी हाताशी असलेला शेतकरी म्हणेल, लवकर लावली तर उतारा जास्त मिळतो. खरं आहे, पण त्याच्या पात्यांवर वाढलेली पिढी शिवारभर पसरते. फरदडीचंही, म्हणजे वेचण्या संपल्यावरही पीक उभं ठेवण्याचंही, तसंच. दोन पैसे जास्त मिळतात, हा मोह समजण्यासारखा आहे. पण डिसेंबरनंतर उभी राहिलेली प्रत्येक पऱ्हाटी अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोचवणारा पूल ठरते. एकट्याने तो तोडून भागत नाही, सगळ्या शिवाराने एकदमच रान मोकळं करावं लागतं.