गावच्या हातातला पैसा

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. 151 माणसे गेली. गाव दिसत नाही, ही खबर दिली एस.टी.च्या चालकाने. मदत भरपूर आली, पण आमडे येथील पक्की घरे मिळायला एप्रिल 2017 उजाडला. तोवर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढावे लागले.

घरे सरकारनेच बांधायची. पण पहिल्या रात्री लागते पाणी, उजेड, घोंगडी, औषध. त्यासाठी गावाजवळच थोडा पैसा हवा. युद्धातही तेच. 2022 च्या हिवाळ्यात रशियाच्या हल्ल्यांनी युक्रेनची वीज गेली, तेव्हा ‘ह्रोमादा’ नावाच्या तिथल्या स्थानिक संस्थांनी लोकांना ऊब आणि फोन चार्ज करण्याची सोय दिली. जनरेटर बाहेरच्या मदतीतून आले.

आपल्याकडे 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीत ग्रामपंचायतीला 60 टक्के पाणी-स्वच्छतेसाठी बांधील आणि 40 टक्के गावाच्या निकडीसाठी मोकळे होते. मी कारकून माणूस, खर्चाची वही आधी पाहतो. मोकळ्या पैशात बहुधा पेव्हर ब्लॉकच दिसतात!

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरउतारावर, ओढ्याकाठी आपल्या वस्त्या आहेत. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी असतात. बायाबापड्यांनो, पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेला जा आणि विचारा: दरड कोसळली तर पहिल्या रात्री आम्हांला कुठे नेणार, आणि त्यासाठी वहीत किती रक्कम धरली आहे?