पूर्वेची वेदी : पुण्यातील तीन अँग्लिकन देवालये

पेशवाईचा अस्त होऊन तीन वर्षे लोटतात न लोटतात तोच, म्हणजे १८२१ साली, पुण्याच्या लष्करी छावणीत सेंट मेरीज चर्चचा पाया घातला गेला. आणि ज्यांच्या धर्मप्रांतात त्या काळी अवघा हिंदुस्थान मोडत असे ते कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ मध्ये त्याचे पवित्रीकरण केले. पुढच्याच वर्षी तिरुचिरापल्लीच्या मुक्कामी त्यांना अकाली मृत्यू आला. या देवालयाची माहिती लष्करात वावरणाऱ्या पुणेकरांनाही क्वचितच असते, याची मला फार खंत वाटते; कारण ते आणि त्याच्या मागाहून उभी राहिलेली दोन देवालये ओळीने पाहिली, तर अँग्लिकन उपासनेच्या स्वरूपात साठ वर्षांत किती मोठे स्थित्यंतर घडले, हे ग्रंथ न उघडताही ध्यानात येते.

आधी अशा वास्तूच्या अंतर्भागाची परंपरागत मांडणी समजून घेतली पाहिजे. प्रवेश पश्चिमेकडून आणि वेदी पूर्वेला, हा युरोपातला जुना दंडक. दाराजवळच बाप्तिस्म्याचे कुंड असते, कारण बाप्तिस्मा म्हणजेच मंडळीत प्रवेश. त्यापुढे बाकांच्या रांगांचा सभामंडप, त्याच्या टोकाशी प्रवचनाचे उंच व्यासपीठ आणि पवित्र शास्त्र वाचण्याची घडवंची, मग पायऱ्या चढून गायकवृंदाची जागा, तिच्यापुढे भक्तांनी गुडघे टेकण्याचा कठडा आणि सर्वांत शेवटी प्रभुभोजनाची वेदी. महाद्वार, सभामंडप, गाभारा हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्या आपल्या वाचकाला ही वाट अपरिचित वाटू नये. मात्र गाभाऱ्यात येथे मूर्ती नसते, तर भाकर आणि द्राक्षारस ठेवण्याचे मेज असते.

सेंट मेरीज उभे राहिले तेव्हा इंग्रजी उपासनेत वेदीपेक्षा प्रवचनाला अधिक मान होता. प्रत्येकाला उपदेशक दिसावा आणि त्याचा शब्द न् शब्द ऐकू यावा, या हेतूने त्या पिढीचे स्थपती प्रशस्त, उजेडाचे, अभिजात वळणाचे दिवाणखानेच जणू बांधीत असत, आणि हे देवालय त्याच परंपरेतले आहे. कुंड नैर्ऋत्य कोपऱ्यात, रंगीत काचांच्या खिडक्यांच्या वेढ्यात असल्याची नोंद जुन्या प्रवासी मार्गदर्शकांत सापडते. परंतु येथे मन खिळून राहते ते भिंतींतील स्मृतिशिलांपाशी : फौजेतील अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि मृत्यूच्या तारखा त्यांवर कोरलेल्या आहेत. राज्यकर्त्यांचे हे दगडी दप्तर कोणीतरी मराठीत उतरवून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पुढे १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये उठलेल्या धर्मचळवळीने वेदीचा आणि प्राचीन विधींचा महिमा पुन्हा प्रस्थापित केला, आणि त्याच सुमारास मध्ययुगीन गॉथिक घाटाचेही पुनरुज्जीवन झाले. स्टेशनच्या बाजूचे सेंट पॉल्स हे त्या अभिरुचीचे अपत्य. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६३ साली त्याची कोनशिला बसविली. नमुना घेतला तो पॅरिसमधील तेराव्या शतकातील सेंत शापेल या राजमंदिराचा. टोकदार कमानी, उंच निमुळत्या खिडक्या आणि उतरते छप्पर यांमुळे दृष्टी आपोआप वर आणि पुढे ओढली जाते.

आणि तिसरे देवालय छावणीत नव्हे, भर पेठेत आहे. ज्या जागेला पाण्याच्या पाच हौदांवरून पंचहौद हे नाव पडले, तेथे, पूर्वीच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवारात, कौली फादर्स या संन्यस्त संघाने १८८५ साली पवित्र नाम देवालय पुरे केले. ऑक्सफर्डच्या त्या चळवळीतूनच या संघाचा जन्म झाला होता. त्यांच्या जोडीला वाँटेजच्या भगिनी होत्या. पुण्यात याच भगिनींशी परिचय होऊन पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवालयाचा घाट गॉथिकही नव्हे, तर त्याहून प्राचीन अशा रोमन बॅसिलिकेचा. मूळची ही न्यायदानाची आणि व्यवहाराची इमारत. आद्य ख्रिस्ती समाजाने ती उपासनेसाठी स्वीकारली. मधला उंच मंडप, दोन्ही अंगांना ठेंगणी दालने आणि त्यांच्यामध्ये गोल कमानी पेलणाऱ्या खांबांच्या ओळी, असे तिचे रूप असते. पलटणींसाठी नव्हे तर मराठीत प्रार्थना करणाऱ्या मंडळीसाठी हा घाट निवडला गेला, ही गोष्ट मला फार औचित्याची वाटते.

याच मिशनच्या आवारात १८९० साली गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने झालेल्या समारंभात रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहा ठेवला गेला, आणि त्यावरून उठलेले ग्रामण्य शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत गेले. पंचहौद म्हटले की पुणेकरांना हा चहाच आठवतो. देवालयाकडे मान वळवून पाहणारे थोडे.

त्याचा घंटामनोरा इटालियन रीतीने मुख्य वास्तूपासून अलग उभा आहे. त्यातील आठ घंटा इंग्रजी पद्धतीने चाकांवर टांगलेल्या असल्यामुळे दोर ओढताच घंटा पुरा फेरा घेते, आणि वादकांना सूर नव्हे तर क्रम बदलीत जावे लागते. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम संभवतात. त्यांतला एकही दुसऱ्यांदा येऊ न देता तासन्‌तास वाजवीत राहणे, हे या विद्येचे कौशल्य.