अश्वशीर्ष तेजोमेघाचे छायाचित्र

मार्गशीर्ष महिन्यात दिवस मावळून थोडा वेळ झाला, की कर्जतच्या पूर्वेस सह्याद्रीच्या कड्यांवरून मृग नक्षत्र वर चढू लागते. त्याच्या मध्यभागी एका रेषेत असलेले तीन तारे लहान मुलांनाही ओळखता येतात. व्याधाने मृगावर सोडलेला बाण तो हाच, असे आपल्याकडे मानतात. ह्या तिहींपैकी सर्वांत पूर्वेकडील ताऱ्याच्या दक्षिणेस तांबूस वायूचा एक तेजोमेघ पसरलेला असून त्याच्यापुढे धुळीचा काळा ढग आलेला आहे. ह्या ढगाचा आकार घोड्याच्या मस्तकासारखा असल्यामुळे त्यास अश्वशीर्ष म्हणतात. तो आपल्यापासून सुमारे १३०० ते १५०० प्रकाशवर्षे दूर आहे. नुसत्या डोळ्यांना त्याचा मागमूस लागत नाही. साध्या दुर्बिणीतूनही तो बहुधा दिसत नाही. त्याची ओळख पटली ती छायाचित्रामुळेच.

१८८८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत दुर्बिणीला रसायनाचा लेप दिलेली काच जोडून तिच्यावर आकाशाच्या ह्या भागाचा प्रकाश ९० मिनिटे पडू दिला होता. ती काच तपासताना विल्यमिना फ्लेमिंग ह्या बाईंना काळा खळगा प्रथम आढळला. ह्या बाई पूर्वी वेधशाळाप्रमुखांच्या घरी कामास होत्या; पुढे त्या स्वतःच नामांकित ज्योतिर्विद झाल्या. नंतर छापलेल्या सूचीत ह्या शोधापुढे त्यांचे नाव आले नाही, ही खेदाची गोष्ट होय. त्याच काळात पुण्यास भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला हे मृगातील मोठ्या तेजोमेघाच्या प्रकाशाचे पृथक्करण करीत होते. त्यांचे निरीक्षण १८९१ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले.

काचेची जागा पुढे विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली आणि हे काम हौशी निरीक्षकांच्याही आटोक्यात आले. कर्जतच्या लोहमार्गावर, नेरळच्या अलीकडे वांगणी येथे, मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन वर्षानुवर्षे होत आले आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर जावे, हाच त्यातील हेतू. परंतु गावाबाहेरचे आकाशही पूर्ण काळे नसते. दिव्यांचा उजेड हवेत पसरतो आणि वरच्या थरांतील हवा स्वतःही किंचित प्रकाशते. अंधुक तेजोमेघ ह्या उजेडात बुडून जातो.

त्याला वेगळा कसा काढतात, हे पावसाच्या दाखल्यावरून कळेल. अंगणात सारख्या आकाराच्या पुष्कळ वाट्या मांडल्या आहेत आणि झिमझिम पाऊस पडत आहे. प्रत्येक वाटीत मिनिटाला सरासरी १०० थेंब पडतात. पण योगायोगाने कोणतीत ९०, तर कोणतीत ११०. एका वाटीत मात्र वळचणीचे ५ थेंब अधिक पडतात. एका मिनिटानंतर ती वाटी कोणती, हे कोणालाही सांगता येणार नाही. १०० मिनिटे थांबल्यास इतर वाट्यांत सुमारे १०,००० थेंब होतील आणि योगायोगाचा फरक साधारण १०० थेंबांचाच राहील. कारण तो संख्येच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. वळचणीचे थेंब मात्र ५०० झालेले असतील. आता ती वाटी लपून राहत नाही. कॅमेऱ्यातील लक्षावधी सूक्ष्म पेशी म्हणजे ह्या वाट्या, आकाशाचा उजेड म्हणजे पाऊस, आणि तेजोमेघाचा प्रकाश म्हणजे वळचणीचे पाणी होय.

मग एकच लांबलचक छायाचित्र का घेऊ नये? एक तर वाट्या भरून वाहू लागतात. शिवाय मध्येच विमान गेले किंवा वाऱ्याने दुर्बीण हलली, तर सर्व श्रम फुकट जातात. म्हणून पाचपाच मिनिटांची अनेक चित्रे घेतात आणि बिघडलेली टाकून देतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. तेव्हा दुर्बीण ज्या आसाभोवती फिरवावयाची, तो ध्रुवाकडे रोखावा लागतो. कर्जतला ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असल्याने डोंगर किंवा झाड आड येणार नाही, अशी जागा पाहावी लागते. शेवटी संगणक सर्व चित्रांतील तारे एकावर एक जुळवून त्यांची बेरीज करतो.

एका रात्रीत पुरेसा प्रकाश साठत नाही आणि चांगल्या रात्री तर मोजक्याच. पावसाळ्याचे चार महिने आकाश मिटलेलेच असते. उरलेल्या महिन्यांत चांदण्यामुळे अमावास्येच्या मागच्यापुढच्या रात्रीच उपयोगी पडतात. थंडीत भिंगावर दव धरते. पुढे शेतकरी राब भाजू लागले, की धुराने हवा धूसर होते, आणि तोपर्यंत मृगही पश्चिमेस कलू लागलेला असतो. त्यामुळे एका चित्रासाठी कधीकधी दोन हिवाळे लागतात.

ह्यात दिव्यांचा वाटा मोठा आहे. वरच्या दाखल्यात पाऊस चौपट झाला, तर वळचणीचे तेच थेंब ओळखण्यास चौपट वेळ थांबावे लागते. म्हणजे कर्जतच्या रानात जे चित्र चार रात्रींत साधेल, ते चौपट उजळ आकाशाखाली साधावयास सोळा रात्री पाहिजेत. कर्जत-खालापूरच्या माळांवर नवी घरे उभी राहत आहेत आणि त्यांचे दिवे रात्रभर जळत असतात. म्हणून निरीक्षक दरवर्षी मार्गशीर्षात जुन्या जागी येऊन प्रथम आकाशाकडे नव्हे, तर क्षितिजाकडे पाहतो.