बालकाचा आहार आणि आहारतज्ज्ञाची निवड

बालकाच्या आहाराविषयी आईवडिलांची सर्वांत प्रचलित तक्रार म्हणजे ‘मूल जेवत नाही’ ही होय. तक्रार एकच असली, तरी तिच्यामागील कारणे परस्परांहून अत्यंत भिन्न असू शकतात. निरोगी बालकाची वयपरत्वे स्वाभाविकपणे घटलेली भूक, रक्तातील लोहाची उणीव, गिळण्याच्या क्रियेतील दोष, आतड्याचा एखादा रोग अथवा घरातील अन्नाचीच टंचाई यांपैकी कोणतेही कारण या तक्रारीच्या मुळाशी असू शकते. यांतील काहींना आहारतज्ज्ञाची मुळीच गरज नसते. काहींना ती असते, परंतु वैद्यकीय निदानानंतर. आणि काहींत तर आहार हाच मुख्य उपचार असतो. म्हणून ‘चांगला आहारतज्ज्ञ कोठे मिळेल?’ हा प्रश्न वस्तुतः दुसरा आहे. बालकाची अडचण कोणत्या प्रकारची आहे, हा पहिला. या क्रमाची उलटापालट झाली म्हणजे वाढीच्या वयातील मोलाचे महिने वाया जातात, आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे पूर्णपणे भरून निघेलच याची शाश्वती नसते.

१. तक्रारीची शहानिशा

जन्मतः सुमारे ३ किलो वजनाचे निरोगी बालक पाचव्या महिन्याच्या सुमारास ६ किलोपर्यंत आणि वर्षअखेर ९ किलोपर्यंत पोहोचते. पहिल्या वर्षात वजन याप्रमाणे तिपटीने वाढते. दुसऱ्या वर्षात मात्र वाढ केवळ २ ते २.५ किलो एवढीच असते. वाढीचा वेग मंदावला की शरीराच्या मानाने भूकही मंदावते. नेमक्या याच वयात मूल चालू लागते, त्याचे लक्ष ताटावरून उडते आणि ‘काल-परवापर्यंत नीट खात होते’ अशी चिंता घरात सुरू होते. मग गोष्टी सांगून, मागे धावून किंवा मोबाइलच्या पडद्यापुढे बसवून घास भरविण्याचा क्रम पडतो. सक्तीने भरविल्यामुळे मुलाला अन्नाविषयी तिटकारा उत्पन्न होतो आणि जी अडचण नव्हती ती निर्माण होते. काय, केव्हा आणि कोठे वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे, किंबहुना खावे की नाही, हे मुलाने ठरवावे, ही अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली श्रमविभागणी अशा कुटुंबांस उपयोगी पडते.

परंतु भूक स्वाभाविकपणे घटली आहे की रोगामुळे, हे केवळ पाहून ठरविता येत नाही. त्यासाठी वाढीचा तक्ता हवा. पाच वर्षांखालील मुलांकरिता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली मानके वापरली जातात. ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, अनुकूल परिस्थितीत वाढलेल्या व स्तनपान मिळालेल्या मुलांच्या मोजमापांवर आधारलेली असून, भारतातील मोजमापे दिल्लीत घेण्यात आली होती. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारित तक्ते दिले. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावरही लहान मुलांचा तक्ता छापलेला असतो.

या तक्त्यावरील एकट्या बिंदूपेक्षा रेषेच्या दिशेला महत्त्व अधिक. लहान चणीच्या आईबापांचे मूल खालच्या रेषेला धरून सातत्याने वर चढत असेल, तर ते बहुधा निरोगी असते. उलट, वरच्या रेषेवरील मूल काही महिन्यांत दोन रेषा ओलांडून खाली आले, तर त्याचे वजन अद्याप सर्वसाधारण दिसत असले तरी ती धोक्याची सूचना समजावी. रेषा चढती असेल, तर कुटुंबाला धीर आणि थोडे मार्गदर्शन पुरते. ती सपाट झाली वा उतरू लागली, की प्रथम बालरोगतज्ज्ञ आणि त्यानंतर आहारतज्ज्ञ, हा क्रम पाळावा लागतो.

२. निदान आधी, पथ्य नंतर

या क्रमाचे महत्त्व सेलिअ‍ॅक रोगाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या रोगात मुलाचे पोट फुगते, जुलाब होतात आणि वाढ खुंटते. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर आधारलेला आहार दिला व त्यांना उतार पडला. गुण केळ्यांचा आहे असे मानले गेले. वस्तुतः त्या आहारातून गहू वगळला गेला होता, आणि तेच सुधारणेचे कारण होते. नेदरलंड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा या रोगाशी असलेला संबंध दाखविला आणि १९५० मध्ये आपल्या प्रबंधात तो सविस्तर मांडला. केळ्यांनी रोग बरा झाला असे समजून पुन्हा गव्हाच्या पदार्थांकडे वळलेली मुले पुन्हा आजारी पडणे अटळ होते. पथ्य लागू पडले, पण का लागू पडले हे ठाऊक नव्हते. त्यामुळे ते किती काळ पाळावे हेही ठाऊक नव्हते.

आजही याच रोगाच्या बाबतीत क्रम चुकतो, परंतु निराळ्या रीतीने. पोट दुखते म्हणून कोणी घाईने पोळी व बिस्किटे बंद करण्याचा सल्ला देतो. या रोगाची रक्ततपासणी आहारात गहू चालू असतानाच विश्वसनीय ठरते. गहू बंद केल्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, तपासणी निर्दोष येते आणि ज्या मुलाने आयुष्यभर पथ्य पाळावयास हवे, त्याचे निदानच होत नाही. निदानापूर्वी पथ्य सांगणारा सल्लागार, त्याचा हेतू कितीही चांगला असो, अशा प्रकारे रोग झाकून टाकतो.

याच्या दुसऱ्या टोकाला असे विकार आहेत की ज्यांत आहारतज्ज्ञावाचून उपचारच शक्य नाही. फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारात प्रथिनांतील एका घटकाचे शरीरात रूपांतर होत नाही व तो साचून मेंदूस इजा करतो. १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घटक कमी असलेल्या आहाराचा परिणाम इंग्लंडमध्ये दाखवून दिला. अशा आहारात रोजचे माप ग्रॅमने ठरवावे लागते. अधिक झाले तर मेंदूस धोका आणि कमी पडले तर वाढीस. बालवयातील इन्शुलिनावलंबी मधुमेह, औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी दिला जाणारा कीटोजेनिक आहार, मूत्रपिंडाचे जुनाट विकार आणि दुधाची सिद्ध झालेली अ‍ॅलर्जी यांतही हीच स्थिती आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र घास सुरक्षितपणे गिळला जातो की श्वासनलिकेत शिरतो, हे आधी पाहावे लागते. तेथे वाचा व गिळण्याच्या क्रियेचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशिवाय आहारतज्ज्ञाचे काम पुढे जात नाही. वाढ खुंटण्याइतका आहार टाळणाऱ्या मुलांच्या एका विकाराला २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. त्यात मानसोपचाराची जोड आवश्यक असते.

३. पदवी आणि नोंदणी

भारतात पोषणविषयक संशोधनाची परंपरा जुनी आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू केलेले केंद्र पुढे विस्तारले, १९५८ मध्ये हैदराबादला हलले आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. भारतीय अन्नघटकांचे २०१७ चे तक्ते, ज्यांच्या आधारे भाकरीचे वा वरणाचे पोषणमूल्य काढले जाते, ते याच संस्थेने सिद्ध केले. भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली.

संशोधन जुने असले, तरी व्यवसायाचे नियमन फार उशिरा आले. दीर्घकाळ ‘आहारतज्ज्ञ’ ही पाटी कोणीही लावू शकत असे. काही आठवड्यांचा वर्ग केलेली व्यक्ती आणि रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेली पदव्युत्तर व्यक्ती यांत भेद करण्याचे साधन सामान्य माणसापाशी नव्हते. संघटनेच्या नोंदणी मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारा ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ हा दर्जा उपयुक्त होता, परंतु तो ऐच्छिक होता. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या परिशिष्टात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश असून, राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि नोंदवह्या यांची तरतूद आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकास किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक मानले आहे.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात : पदवी कोणत्या विद्यापीठाची व कोणत्या विषयाची आहे, रुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण झाले आहे काय, आणि नोंदणी आहे काय. याखेरीज चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा : बालकांवर किती काम केले आहे? प्रौढांच्या स्थूलतेवर अनेक वर्षे काम केलेली व्यक्ती दहा महिन्यांच्या बालकाच्या बाबतीत नवखी असू शकते.

४. शोध कोठे घ्यावा

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील बालरोग विभाग हे शोधाचे पहिले ठिकाण होय. तेथे निदान आणि आहार यांची सांगड एका छपराखाली पडते आणि खर्चही बेताचा असतो. बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या चिठ्ठीत निदान, वजन-उंचीच्या पूर्वीच्या नोंदी आणि चालू औषधे यांचा उल्लेख असल्यास पहिल्याच भेटीत पुष्कळ काम होते.

तीव्र कुपोषणाचा मार्ग मात्र वेगळा आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असणे, उंचीच्या मानाने वजन मानकाच्या मध्यकापेक्षा तीन प्रमाण-विचलनांहूनही खाली असणे अथवा दोन्ही पायांवर सूज असणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास खासगी सल्लागाराच्या शोधात दिवस घालवू नयेत. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी गावपातळीवर ग्राम बालविकास केंद्रे आणि गुंतागुंतीच्या स्थितीसाठी रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. अंगणवाडी सेविका व आशा यांच्यामार्फत तेथे पोहोचता येते. अशा मुलास एकदम भरपूर व पौष्टिक खाऊ घालणे हे प्रेमापोटी घडते, पण ते प्राणावर बेतू शकते. दीर्घ उपासमारीनंतर शरीरातील क्षारांचे संतुलन ढासळलेले असते. म्हणूनच गुंतागुंत असलेल्या मुलास प्रारंभी १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी देणारे सौम्य दूधमिश्रण आणि प्रकृती स्थिरावल्यावर १०० किलोकॅलरींचे मिश्रण, असा क्रम ठेवलेला आहे.

५. पहिल्या भेटीची परीक्षा

पदवी पाहून पात्रता कळते. कौशल्य कळते ते कामाच्या पद्धतीवरून. जाणता आहारतज्ज्ञ प्रथम मुलाचे वजन व उंची स्वतः मोजतो आणि पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहतो. मग तो कालच्या दिवसाचा किंवा तीन दिवसांचा आहार, वाटी-चमच्याच्या मापासह, विचारतो. स्वयंपाक कोण करते, दुपारी मूल कोणापाशी असते, घरात कोणते धान्य येते, हेही तो विचारतो. अशा विचारपूसीतून कारणे हाती लागतात. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक राहत नाही आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने त्याचे रक्तही फिके पडते. ताटात बसण्यापूर्वी चहा-बिस्किटे खाणाऱ्या मुलाचे कारण घड्याळातच सापडते. पातळ पेजेवर ठेवलेल्या दहा महिन्यांच्या बालकाचे पोट पाण्याने भरते. तीच पेज घट्ट करून, तीत मुगाचे वरण मिसळून वर चमचाभर तूप घातले, तर केवळ तुपाने सुमारे ४५ किलोकॅलरींची भर पडते आणि वाटी तेवढीच राहते.

उत्तम सल्ला हा बहुधा असाच लहान असतो : एका भेटीत दोन-तीन बदल, घरातल्या पदार्थांतून, आणि ठराविक दिवसांनी पुन्हा वजन. नाचणी, शेंगदाणे, अंडे, कडधान्ये यांना डावलून महागडा डबा सुचविणारा, तपासणीवाचून दूध-गहू-साखर एकदम वगळणारा, सर्व मुलांना एकच छापील तक्ता देणारा किंवा औषधे बंद करावयास सांगणारा सल्लागार पालकांनी सोडून द्यावा. जो स्वतः पावडर विकतो, त्याचा सल्ला आणि त्याचा नफा यांत विरोध उत्पन्न होणे संभवते. याउलट, ‘हे माझ्या कक्षेबाहेरचे आहे, आधी डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून मूल परत पाठविणारा तज्ज्ञ विश्वासार्ह समजावा.

६. उपसंहार

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. एवढ्या मुलांसाठी स्वतंत्र आहारतज्ज्ञ उपलब्ध होणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. बहुतेकांची गरज पुरेसे व विविध अन्न, स्वच्छ पाणी, वेळेवर वजन आणि जाणत्या अंगणवाडी सेविकेचे मार्गदर्शन ही आहे. घरात डाळच नसेल, तर प्रथिनांविषयीचे व्याख्यान निरर्थक ठरते; तेथे शिधा मिळवून देणे हाच आहारसल्ला होय. तज्ज्ञाचा वेळ त्या थोड्या मुलांसाठी राखला पाहिजे, ज्यांच्या बाबतीत आहाराचे माप चुकणे हे औषधाचे माप चुकण्याइतकेच गंभीर असते.

ही निवड करावयाची तर वाढीचा तक्ता वाचण्याची विद्या तज्ज्ञांपुरती मर्यादित राहून चालणार नाही. आईने, सेविकेने आणि शिक्षकाने ती रेषा वेळीच पाहिली, तर योग्य मूल योग्य दारी पोहोचते. गृहविज्ञान व पोषणशास्त्राच्या विभागांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना आहाराचे तक्ते आखण्याचे शिक्षण मिळतेच. त्याच्या जोडीला, आपल्यासमोर आलेल्या बालकास आहाराच्या तक्त्याची गरज आहे की आणखी कशाची, हे ओळखण्याचे शिक्षण मिळणे तितकेच अगत्याचे आहे.